कुपीचं तोंड

१९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात पिसवांचा उपद्रव वाढला. पावसाळ्यात गोठ्यात पिसवा होतात, त्यात नवल नाही. पण इथे त्या माणसांना फोडून काढत होत्या आणि जोडीला घराघरांतून उंदीर मरून पडत होते. ‘उंदीर पडणं’ हे दोन शब्द मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या मनात खोल रुतलेले आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी सांगून ठेवलं होतं, आढ्यावरून उंदीर खाली पडला की चूल विझवायची, पोरंबाळं आणि भांडीकुंडी घ्यायची, गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या टाकून राहायचं. मामल्यात उंदरांपाठोपाठ ताप आला, आणि तापाबरोबर जांघेत, काखेत दुखरी गाठ.

गाठीचा ताप म्हणजे प्लेग. पण १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची खातरजमा झालेली नव्हती. अठ्ठावीस वर्षांत डॉक्टरांची एक पिढी हा रोग केवळ पुस्तकात वाचून नोकरीला लागली होती. गाठ हाताला लागते, ताप थर्मामीटरवर दिसतो, पण हा प्लेगच आहे असं ठामपणे म्हणायचं तर गाठीतला द्रव किंवा रक्तातला पिवळसर रस प्रयोगशाळेत पोचावा लागतो. बालाघाटाच्या कुशीतल्या गावापासून त्या प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास ज्या वस्तूने केला ती होती बोटभर उंचीची काचेची कुपी. गावात प्लेग आहे की नाही, याचं उत्तर तिच्या पोटात होतं. आणि ते उत्तर खरं ठरणार की खोटं, हे ठरत होतं तिच्या तोंडावर. झाकण घट्ट बसलंय का, सुई आत जाताना बाहेरचं काही आत गेलं का, आतलं काही बाहेर सांडलं का.

या लेखात कुपीचा इतिहास सांगायचा आहे, तो या तोंडाच्या बाजूने. काचेचं पारदर्शक अंग सगळ्यांना दिसतं, बुचाकडे कुणी पाहत नाही. कुपीत काय ठेवायचं हे माणसाला फार लवकर सुचलं. अत्तर, सुरमा, तेल, विष, औषध. आत ठेवलेलं जसंच्या तसं राखायचं कसं, हे शिकायला मात्र त्याला दोन हजार वर्षं लागली. आणि त्या शिकवणीची सगळ्यांत जबर फी प्लेगनेच वसूल केली.

*

नकाशावर पैठणपासून तेरपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती आजच्या बीड शहराजवळून जाते. पैठण गोदावरीकाठी, तेर धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या आपल्या सागरी वाटाड्या-पुस्तकात दोन्ही बाजारपेठांची नावं नोंदवून ठेवली आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे तेर. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने मद्य, तांबं, कथील, पोवळं यांच्याबरोबर कच्ची काच आणि डोळ्यांच्या अंजनात वापरला जाणारा सुरम्याचा धातूही लिहिला आहे. तेरच्या रामलिंगअप्पा लामतुरे संग्रहालयात गेलं की सातवाहनकाळातले काचेचे मणी आजही पाहता येतात.

त्या काळाच्या थोडं आधी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कारागिरांना एक युक्ती सापडली होती. पोकळ नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. तोवर एक कुपी घडवायला दिवस मोडायचा. आता एका श्वासात कुपी तयार होऊ लागली. राजवाड्यातली वस्तू बाजारात आली ती या फुंकरीमुळे. पण फुंकरीने पोट घडवलं, तोंडाचा प्रश्न तसाच राहिला. चिंधी, लाकडाचा तुकडा, मेण, लाख असं जे हाताशी असेल ते तोंडात कोंबायचं.

अत्तराला तेवढं पुरतं. उरुसात किंवा जत्रेत अत्तरवाल्याच्या पेटीसमोर कधी उभं राहून पाहावं. तो कुपीचं बूच ओढत नाही, आधी हलकेच फिरवतो. काचेच्या तोंडात काचेचंच घासून बसवलेलं बूच. फिरवलं की किंचित करकरतं, मग मोकळं होतं. त्याच बुचाचं टोक तो तुमच्या मनगटावर टेकवतो, कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत खोवतो आणि कुपी लगेच बंद करतो. अत्तराच्या कुपीचं भय एकच असतं, आतलं उडून जाण्याचं. बाहेरचं आत येईल याची काळजी तिला नसते. चंदनाच्या तेलावर उतरवलेलं अत्तर सहसा नासत नाही.

आयुर्वेदाच्या रसशास्त्राने मात्र कुपीच्या तोंडाचा कस लावून विचार केला होता. मकरध्वज, रससिंदूर ही औषधं ‘कूपीपक्व’ म्हणतात, म्हणजे कुपीत शिजवलेली. पारा आणि गंधक एकत्र खलून केलेली काळीभोर कज्जली काचेच्या कुपीत भरायची. काच आगीत तडकू नये म्हणून तिच्यावर आधीच कापड आणि चिखल यांचे सात थर दिलेले असायचे, एक वाळला की दुसरा. मग वाळूने भरलेल्या भांड्यात ती कुपी गळ्यापर्यंत पुरायची आणि खालून आधी मंद, मग मध्यम, मग तीव्र आच द्यायची. याला वालुकायंत्र म्हणतात. जास्तीचा गंधक धूर होऊन तोंडातून बाहेर पडतो, कधी कधी तोंडावर ज्योत दिसते. गंधकाने तोंड बुजू नये म्हणून वैद्य तापवलेली लोखंडी सळई मधूनमधून आत फिरवतो. धूर थांबला की तोंड बंद करायचं. ही वेळ साधली तर औषध. लवकर बंद केलं तर कुपी फुटते, उशीर केला तर औषध हवेत जातं. सगळं निवल्यावर रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा कुपीच्या पोटाभोवती बांधून पेटवायचा आणि वर ओलं फडकं टाकायचं. काच गोलाकार तडकते आणि गळ्याशी जमलेलं लालभडक औषध हाती येतं. एका औषधासाठी एक कुपी कायमची फोडावी लागते. तोंड केव्हा उघडं ठेवायचं आणि केव्हा बंद करायचं हे ज्याला कळलं तो वैद्य, अशी ही विद्या.

*

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवीला डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासून प्लेगचं निदान केलं. बंदराजवळच्या धान्याच्या वखारींतून उंदीर आणि उंदरांबरोबर रोग शहरभर पसरला. लोक आगगाडीत मिळेल त्या डब्यातून बाहेर पडले आणि रोग त्यांच्याबरोबर दख्खनभर गेला. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, कारण घरात घुसणारे गोरे सोल्जर लोकांना रोगापेक्षाही असह्य झाले होते. पुढच्या काही वर्षांत निजामाच्या मुलखातली गावंही माळावर राहायला गेली. पुढच्या पन्नास वर्षांत देशातले सव्वा कोटीच्या आसपास लोक या रोगाने खाल्ले.

व्हिएगसांच्या निदानानंतर दोन आठवड्यांत वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाला जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून आला होता आणि १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत हिंडत होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक बोळ मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे त्यांनी चंबूंमध्ये सूप भरून त्यात प्लेगचे जंतू वाढवायला घेतले. जंतू पृष्ठभागाला धरून वाढावेत म्हणून सुपावर तरंगायला काय घातलं असेल? तूप. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे धागे गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीसारखे खाली वाढत. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि वर नवं पीक येई. सूपही गोमांसाचं किंवा डुकराच्या मांसाचं नव्हतं, बकऱ्याच्या मांसाचं होतं, हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावं म्हणून. पाच-सहा आठवड्यांनी सगळे जंतू उष्णतेने मारायचे, वर थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं आणि ती लस लहान बाटल्यांत भरून बूच लावायचं.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. दहा घनसेंटीमीटर, म्हणजे पुढे इतरांना द्यायच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि ते बरे झाले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या निम्म्याच्या आसपास कैद्यांनी स्वखुशीने लस टोचून घेतली. न टोचलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावला कुणीही नाही. लस पूर्ण अभय देत नव्हती, पण निम्म्याहून जास्त धोका टाळत होती. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्रयोगशाळा गेली आणि तिथून बाटल्या भरभरून बाहेर पडू लागल्या. १९२५ पर्यंत मुंबईतून अशा २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या.

त्याच काळात, १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरापासून माणसापर्यंत रोग नेणारी पिसू आहे हे ओळखलं. मोठ्या काचेच्या भांड्यात आजारी उंदीर ठेवून, वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगून त्याने हे दाखवलं. दोन्ही उंदीर एकमेकांना शिवले नाहीत, तरी वरच्याला प्लेग झाला. मध्ये उडी मारू शकणारी पिसूच काय ती होती. मामल्यातल्या पिसवांचा अर्थ त्या भांड्यात शंभर वर्षांपूर्वीच लागला होता.

*

आणि मग मल्कोवाल.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला आणि तिथल्या सरकारने लाखो लोकांना लस टोचायचं ठरवलं. एवढा पुरवठा करायचा म्हणून परळच्या प्रयोगशाळेने लस बनवायची पद्धत बदलली आणि नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल घालणं सोडलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मल्कोवाल गावात (आज ते पाकिस्तानच्या पंजाबात आहे) पाच बाटल्या उघडून १०७ जणांना टोचण्यात आलं. आठवड्याभरात त्यातल्या एकोणीसजणांना धनुर्वात झाला. जबडे आवळले, पाठी धनुष्यासारख्या वाकल्या, आणि एकोणीसच्या एकोणीस जण गेले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून टोचली होती. तिच्यावर नंबर होता ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

सरकारी चौकशीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. लस भरतानाच बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले असणार, कार्बोलिक असतं तर हे टळलं असतं, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना निलंबित करण्यात आलं. शेवटी हिंदुस्थान सोडून ते इंग्लंडला गेले.

पण चौकशीच्याच कागदांत एक बारीक गोष्ट नोंदवलेली होती. त्या दिवशी ५३-एन उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं. गावच्या जमिनीत, जिथे गुरं वावरतात, शेण पडतं, तिथे धनुर्वाताचे जंतू असतातच. कठीण कवचाचे ते बीजाणू नुसत्या बुचकळण्याने मरत नाहीत, चिमटा आगीत धरावा लागतो. जंतू प्रयोगशाळेतूनच आत आले असते तर एवढ्या आठवड्यांत बाटली नासून उग्र वास सुटला असता, पण उघडताना वास आला नव्हता. आणि विष बाटलीत आधीच साठलेलं असतं तर रोग दिसायला आठवडा लागला नसता.

हे सगळे मुद्दे लंडनच्या लिस्टर संस्थेने तपासले. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून दोष प्रयोगशाळेचा नाही असं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा ठपका गेला आणि ते परत आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. १९३० मध्ये लोझानला ते वारले.

मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त लागते ती त्या साहाय्यकाची गोष्ट. त्याने काही वाईट मनात धरलं नव्हतं. समोर माणसांची रांग होती, हातातली वस्तू पडली, त्याने उचलली, धुतल्यासारखं केलं आणि काम चालू ठेवलं. घरात पळी खाली पडली तर आपण तेच करतो. एका बुचाच्या घेराएवढ्या जागेत, काही क्षणांच्या आळसात, एकोणीस घरं उजाड झाली आणि लाखोंचे प्राण वाचवणाऱ्या माणसाची पाच वर्षं गेली. लोकांचा लशीवरचा विश्वास उडाला तो वेगळाच. ज्या प्रांतात लस सगळ्यांत जास्त हवी होती, तिथेच लोक हात पुढे करायला भिऊ लागले.

*

ही चूक एका माणसाची म्हणून सोडून देता येण्यासारखी नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांत कुपीचं तोंडच बदललं.

एक उत्तर आधीच फ्रान्समध्ये सापडलं होतं. १८८६ मध्ये स्तानिस्लास लिमूझँ या औषधविक्रेत्याने बुचाची भानगडच काढून टाकली. काचेच्या बारीक मानेच्या कुपीत औषध भरायचं आणि मान ज्योतीवर धरून काच वितळवूनच तोंड बंद करायचं. तीच आपली अँप्युल. एका वेळेचं औषध एका कुपीत, उघडली की वापरायची, उरलं की टाकायचं. पूर्वी अँप्युलच्या खोक्यात एक चपटी छोटी कानस मिळायची. तिने मानेवर एक रेघ मारायची, कापसाने धरून मोडायची, ‘टक’ असा आवाज यायचा. दवाखान्यात बसलेल्या पोराला तो आवाज आला की हात आपोआप कुल्ल्यावर जायचा.

दुसरं उत्तर रबराचं. रबरी बूच, त्यावर आवळलेली ॲल्युमिनियमची टोपी, टोपीच्या मधोमध निघणारी टिकली. बूच काढायचंच नाही, सुई त्याच्यातून आत घालायची आणि काढली की रबर पुन्हा मिटतं. चिमट्याची गरजच उरली नाही. मल्कोवालसारखा अपघात पुन्हा होऊ नये, असं तोंड यात घडलं.

काचेलाही शिकावं लागलं. साध्या काचेतला क्षार हळूहळू औषधात उतरतो आणि औषध बिघडवतो. जर्मनीत येनाच्या ओटो शॉटने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बोरॉन घातलेली काच तयार केली. ती उष्णता सोसते आणि औषधाशी फारसं देणंघेणं ठेवत नाही. आज इंजेक्शनच्या चांगल्या कुप्या याच जातीच्या काचेच्या असतात.

आपल्याकडे काच घडवायची हौस स्वदेशीच्या चळवळीतून आली. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने, दरमाणशी एक पैसा जमवून पैसा फंड उभा राहिला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. जपानला जाऊन काचेचं काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे कारागीर तयार करू लागले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मनी-ऑस्ट्रियाचा काचमाल थांबला आणि देशी कारखान्यांना वाव मिळाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडी हे गावच काचेच्या आणि प्रभाकर कंदिलाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. परदेशी काचेवाचून अडून राहायचं नाही, या जिद्दीत गावोगावच्या माणसांचे पैसे होते.

स्वातंत्र्यानंतर त्या जिद्दीने मोठं रूप घेतलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलीन देशात बनू लागलं. बीड तेव्हा नुकतंच निजामाच्या राजवटीतून सुटलं होतं. १७ सप्टेंबर १९४८ हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. खेड्यातला दवाखाना म्हणजे एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि काउंटरवर रंगीत मिक्श्चरच्या मोठ्या बाटल्या. बाटली घरून आणायची. कंपाउंडर तीत औषध भरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एक कात्रा म्हणजे एक डोस. त्या बाटलीला कापडाचं बोळकं खुपसलं तरी चालायचं. पण पेनिसिलीनची कुपी आली आणि दवाखान्यात नवी शिस्त शिरली. कुपीत पांढरी पूड, दहा लाख युनिट. टिकली उडवायची, रबर स्पिरिटने पुसायचं, डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल मोडून पाणी सुईने आत सोडायचं, कुपी दोन्ही तळव्यांत घोळवायची. काचेची सिरिंज तोवर स्टोव्हवर उकळत असायची.

रिकामी कुपी मात्र कधी वाया गेली नाही. शिवणयंत्राचं तेल, काजळ, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, पोरांचं डॉक्टर-डॉक्टर, कशालाही ती चालायची. झाकणाला भोक पाडून वात घातली आणि घोटभर रॉकेल भरलं की चिमणी तयार. वीज नसलेल्या कितीतरी घरांत पोरांनी त्या उजेडात पाढे पाठ केले आहेत.

*

आता पुन्हा मामला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतही लोक घराच्या भिंतींना भ्यायले आणि बाहेर, पत्र्याच्या आसऱ्याला राहू लागले. धान्य मात्र घरातच होतं. माणूस बाहेर आणि दाणा आत, म्हणजे उंदरांना रान मोकळं. मामल्याची साथ समजावून सांगताना रोगतज्ज्ञांनी हाच क्रम मांडला. सप्टेंबरच्या मध्याला बीडमध्ये गाठीच्या प्लेगचा संशय अधिकृतपणे जाहीर झाला. आठवडाभरातच सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उठला, जो खोकल्यातून पसरतो आणि उपचार वेळेत झाला नाही तर माणूस हाती लागत नाही. लाखो लोकांनी सुरत सोडली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन संपलं, तोंडाला रुमाल बांधून लोक स्टेशनांवर बसले, कितीतरी देशांनी भारताची विमानं थांबवली.

आणि मग वाद सुरू झाला, हा प्लेग होता तरी का? शंका घेणाऱ्यांत जाणती माणसं होती. जंतू वाढवून दाखवा, असं ते म्हणत होते, आणि जंतू सहजासहजी हाती येत नव्हते. याचं एक कारण कुपीच्या क्रमात होतं. कितीजणांनी नमुना देण्याआधीच टेट्रासायक्लीन घेतलं होतं. औषध आधी गेलं की नमुन्यात जंतू उगवत नाही. जीव वाचतो, पण पुरावा जातो. रिकामी कुपी रुग्णाकडे आधी पोचायला हवी आणि औषध लगेच तिच्या मागून. त्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात निर्जंतुक कुपी, बर्फ आणि ती भरायला शिकवलेला माणूस तयार असावा लागतो. साथ आल्यावर शोधून हे मिळत नाही.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सगळा पुरावा तपासून हा प्लेगच होता असा निर्वाळा दिला. पुढे जंतूंच्या जनुकांच्या तपासणीनेही तेच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत या साथीचे ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत. रुग्णांचा मोठा वाटा महाराष्ट्रातला होता, मृत्यू जवळजवळ सगळे सुरतेच्या बाजूचे. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येरसँ यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. बरोबर शंभर वर्षांनी तो जंतू बीडच्या एका खेड्यात आणि सुरतेत पुन्हा ओळखावा लागला. १८९७ मध्ये कुपी लस घेऊन मुंबईहून गावाकडे निघाली होती, १९९४ मध्ये ती नमुना घेऊन गावाहून परत निघाली. मामल्याच्या लोकांनी दिलेलं रक्त म्हणजे त्यांनी देशाला दिलेली सूचना होती. ती वेळेत वाचायची जबाबदारी उरलेल्या सगळ्यांची.

*

पुढे २०२१ मध्ये करोनाच्या लशीबरोबर ‘वायल’ हा शब्द घराघरांत गेला. एका कुपीत दहा मात्रा, उघडली की चार तासांत संपवायची. त्यासाठी उपकेंद्रातल्या सिस्टर दहा माणसं जमेपर्यंत वाट पाहायच्या. बीड जिल्ह्यात कुपीची खरी ओळख मात्र जुनी आहे, ती साप चावलेल्या माणसाच्या उशाशी.

खरिपात खुरपणी चालू असते, बाई वाफ्यात हात घालते, घोणस किंवा फुरसं डसतं. बैलगाडी, मग मोटारसायकल, मग जीप असं करत तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी आणतात. प्रतिविषाच्या कुपीत पूड असते. वाळवून ठेवलेली म्हणूनच ती फ्रिजशिवायही टिकते आणि खेड्यापर्यंत पोचते. दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. हलवायची नाही, फेस होतो, तळव्यात हळूहळू घोळवायची. आणि एका कुपीने भागत नाही, पहिल्याच खेपेला आठ-दहा लागतात.

म्हणजे दहा टिकल्या उडवायच्या, दहा रबरी तोंडं पुसायची. बाहेर नातेवाईक रडत असतात, बाईच्या हिरड्यांतून रक्त येत असतं, घड्याळ धावत असतं. पहिली कुपी पुसायला कुणीही विसरत नाही. परीक्षा असते ती सातव्या-आठव्या कुपीशी, जेव्हा घाई शिगेला पोचलेली असते आणि कापूस बोटांतून निसटून फरशीवर पडलेला असतो.

सिस्टर तो उचलत नाही. नवा बोळा घेते, स्पिरिटमध्ये बुडवते, रबरावरून गोल फिरवते, वाळू देते, मग सुई टोचते. हा एक क्षण थांबणं तिला कुणीतरी शिकवलेलं असतं. शिकवणाऱ्याला आणखी कुणी. मल्कोवालचं नाव त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसेल, पण तिथे गेलेली एकोणीस माणसं त्या बोळ्यात आहेत.